उशिरा घेतलेली डिझाइनची व्यावसायिक पात्रता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणारे बहुतेक जण पस्तीस ते पंचावन्न या वयाचे असतात. हाताखाली माणसं असतात, क्लायंट नावाने ओळखतात, साइटवर शब्दाला वजन असतं. तरी ड्रॉइंगवर शेवटची सही दुसऱ्याच कुणाची तरी असते. पुढची उत्तरं त्यांच्यासाठी आहेत. नुकत्याच पदवी घेतलेल्यांना यातलं काही उपयोगी पडेल, पण त्यांची अडचण वेगळी असते.

व्यावसायिक पात्रता म्हणजे नेमकं काय? ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट चालेल का?

बाजारात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जातात. पहिली म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचा कागद. तुम्ही हजर होतात, फी भरली होती, एवढंच तो सांगतो. दुसरी म्हणजे स्वतंत्र संस्थेने परीक्षा घेऊन दिलेलं प्रमाणपत्र. इथे शिकवणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे असतात, बसण्याआधी अनुभव दाखवावा लागतो, आणि प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने नव्याने करून घ्यावं लागतं. व्यक्तींना अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांचा कारभार कसा असावा याचं आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिसरी गोष्ट परवाना. तो कायद्याने मिळतो आणि कायद्याने काढूनही घेतला जातो.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेला एकच प्रश्न विचारा : गेल्या खेपेला किती जण नापास झाले? त्यावर उत्तरच नसेल, तर तो कोर्सचा कागद आहे. कोर्सचा कागद वाईट असतो असं नाही. नवीन सॉफ्टवेअर शिकायला तो उत्तमच. फक्त त्याने सहीचा अधिकार मिळत नाही.

वीस वर्षं काम केल्यावर याची गरजच काय?

कदाचित नसेलही. आधी बघा, कागद नाही म्हणून आज कोणतं काम अडतंय. मंजुरीसाठी ड्रॉइंग दाखल करता येत नाहीत? फर्ममध्ये भागीदारी मिळत नाही? टेंडरच्या अटीत नोंदणीकृत व्यावसायिक मागतात म्हणून तुमचं नाव सल्लागारांच्या यादीत सर्वात खाली जातं? यातलं एक जरी लागू असेल तर पुढे वाचा. दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलाच्या नावापुढे अक्षरं आहेत आणि आपल्या नाहीत, एवढीच सल असेल, तर थोडं थांबा. परीक्षेने ती सल जात नाही. संध्याकाळी थकून आल्यावर पुस्तक उघडायला लावण्याइतकी ताकदही त्या सलीत नसते. ती अडलेल्या कामात असते.

आपल्या देशातला कायदा नेमकं काय सांगतो, तेही याच टप्प्यावर वाचून घ्या. काही कायदे नुसतं नाव राखून ठेवतात, काही कामच राखून ठेवतात. ब्रिटनमध्ये १९९७चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट 'आर्किटेक्ट' हे बिरुद नोंदणीकृत लोकांपुरतं ठेवतो, पण इमारतीचं डिझाइन कुणीही करू शकतं. भारतातल्या १९७२च्या वास्तुविशारद कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असाच अर्थ लावला : कलम ३७ बिरुद वापरायला बंदी करतं, काम करायला नाही. अमेरिकेत गोष्ट उलट आहे. इलिनॉय राज्याने १८९७ मध्ये पहिला परवाना कायदा केला आणि आज तिथल्या राज्यांमध्ये ठरावीक प्रकारच्या इमारतींसाठी परवानाधारक आर्किटेक्टचा सही-शिक्का लागतो. इंटिरिअर डिझाइनचे नियम तर राज्याराज्यांत वेगळे आहेत. कुठे फक्त बिरुद राखलेलं, कुठे मंजुरीसाठी ड्रॉइंगवर सही करण्याचा अधिकार, कुठे काहीच नाही.

म्हणून 'ही परीक्षा देऊ का' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुठे सही करणार आहात, यावर ठरतं.

कोणत्या शाखेत कोणती परीक्षा असते?

सगळ्या मोजत नाही. ज्यांच्याबद्दल वारंवार विचारलं जातं, त्या सांगतो.

इंटिरिअर डिझाइनमध्ये उत्तर अमेरिकेत एनसीआयडीक्यू ही पात्रता परीक्षा चालते. ती सीआयडीक्यू ही परिषद घेते. तिचे तीन भाग आहेत : मूलतत्त्वांचा, व्यावसायिक कामकाजाचा आणि प्रत्यक्ष प्रकल्पावर आधारलेला. गुण २०० ते ८०० या पट्टीवर देतात आणि ५०० ला पास.

आर्किटेक्चरसाठी अमेरिकेत एनसीएआरबीची, म्हणजे तिथल्या नोंदणी मंडळांच्या परिषदेची, एआरई ५.० ही परवाना परीक्षा आहे. तिचे सहा पेपर : फर्मचं व्यवस्थापन, प्रकल्पाचं व्यवस्थापन, प्रोग्रामिंग व विश्लेषण, नियोजन व डिझाइन, प्रकल्पाचा विकास व दस्तऐवज, आणि बांधकाम व मूल्यमापन. लँडस्केपवाल्यांसाठी एलएआरई ही परवाना परीक्षा, चार भागांची. डिसेंबर २०२३ पासून तिच्या भागांची रचना बदलली, तेव्हा मित्राकडून घेतलेली जुनी पुस्तकं नीट तपासून मगच वापरा.

ग्राफिक डिझाइनमध्ये सहसा परवाना नसतो, पण व्यावसायिक संस्थांची मान्यता असते. ब्रिटनची चार्टर्ड सोसायटी ऑफ डिझायनर्स १९७६ पासून राजसनदेवर चालते. कॅनडातल्या ऑन्टारिओत 'आरजीडी' (नोंदणीकृत ग्राफिक डिझायनर) ही अक्षरं कायद्याच्या आधाराने मिळतात. अशा ठिकाणी भर पोर्टफोलिओवर आणि व्यावसायिक आचारावर असतो.

यूएक्समध्ये, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइट वापरणाऱ्याच्या अनुभवाच्या डिझाइनमध्ये, परवाना कुठेच मागत नाहीत. तिथे काही ठोस हवं असेल तर माझं मत सुलभतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल अशा डिझाइनच्या, बाजूने पडतं. या क्षेत्रातल्या आयएएपी या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सीपीएसीसी हे प्रमाणपत्र परीक्षा देऊनच मिळतं आणि तीन वर्षांनी नव्याने करावं लागतं. बाकी बरीचशी यूएक्स सर्टिफिकेटं पहिल्या प्रश्नातल्या पहिल्या गटात मोडतात.

आणि पर्यावरणपूरक इमारतींसाठी लीड एपी किंवा आरोग्यपूरक इमारतींसाठी वेल एपी. ही जोड-प्रमाणपत्रं. मूळ पात्रतेची जागा ती घेत नाहीत, पण काही महिन्यांत पदरात पडतात. बऱ्याच वर्षांनी परीक्षेला बसणाऱ्याला सराव म्हणून लीड ग्रीन असोसिएट ही चांगली सुरुवात : १०० प्रश्न, दोन तास.

माझी पदवी डिझाइनची नाही. अनुभवावर भागेल का?

परीक्षेप्रमाणे उत्तर बदलतं. एनसीआयडीक्यूला नुसता अनुभव पुरत नाही. इंटिरिअर डिझाइनचं ठरावीक शिक्षण लागतंच. त्यांचं गणित साधारण असं : पदवी आणि त्यात इंटिरिअर डिझाइनचे किमान ६० सेमिस्टर क्रेडिट (अभ्यासक्रम मोजण्याचं एकक) असतील तर ३,५२० तासांचा अनुभव, ४० क्रेडिटचा डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट असेल तर ५,२८० तास. म्हणजे शिक्षण कमी तर तास जास्त, पण शिक्षण शून्य असेल तर तास कितीही असोत, अर्ज आत जात नाही. ज्यांचं अडतं त्यांचं इथेच अडतं, आणि त्यावर उपाय म्हणजे संध्याकाळच्या वर्गांतून क्रेडिट पूर्ण करणं. वेळखाऊ आहे, पण दुसरा रस्ता शोधण्यात त्याहून जास्त वर्षं गेलेली माणसं पाहिली आहेत.

आर्किटेक्चरमध्ये अमेरिकेतली काही राज्यं मान्यताप्राप्त पदवीशिवायही परवाना देतात; त्यासाठी अनुभव जास्त मागतात. मात्र तो परवाना दुसऱ्या राज्यात नेताना पुन्हा प्रश्न उभा राहतो. पुढे कुठे काम करायचं आहे, याचा विचार आधीच झालेला बरा.

जुना अनुभव धरतात का?

उशिरा येणाऱ्यांचं खरं युद्ध या प्रश्नावर होतं, परीक्षा केंद्रात नव्हे. तुमच्याकडे अनुभव भरपूर आहे. त्याचा पुरावा नाही.

एनसीएआरबीचं उदाहरण घ्या. तिथे एकूण ३,७४० तास दाखवायचे, तेही सहा विभागांत वाटून. केलेलं काम आठ महिन्यांच्या आत नोंदवलं तर पूर्ण धरतात. त्याहून जुनं, पण पाच वर्षांच्या आतलं असेल तर निम्मं धरतात. पाच वर्षांहून जुन्या कामासाठी पोर्टफोलिओची वेगळी वाट आहे. पूर्वी कधीतरी परवान्याचा विचार बाजूला ठेवलेल्या अनुभवी लोकांसाठीच ती काढली आहे. तिच्यात तास मोजत नाहीत. ठरवून दिलेल्या प्रत्येक कामासाठी आपण प्रत्यक्ष काय केलं त्याचे नमुने जोडायचे आणि परवानाधारक वरिष्ठाने ते तपासून मान्य करायचे.

वाचायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात बसल्यावर कळतं की दहा वर्षं आपण एकाच प्रकारचं काम करत होतो. वर्किंग ड्रॉइंगचे ढीग आहेत, पण करार वाटाघाटीतला एकही कागद आपल्या नावाचा नाही. साइटवर शेकडो फेऱ्या झाल्या, पण बांधकाम कोडचं, म्हणजे इमारतींच्या नियमसंहितेचं, विश्लेषण नेहमी दुसऱ्याच टेबलावर व्हायचं. असा रिकामा निघालेला रकाना लपवू नका. आत्ताच्या ऑफिसात जाऊन सांगा, 'पुढच्या प्रकल्पात कोडचं काम मला द्या.' वरिष्ठ माणसाने असं मागितलं तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात, कारण ते काम कुणालाच नको असतं.

जमवाजमव करताना एक गोष्ट सांभाळा. जुन्या ऑफिसची ड्रॉइंग ही त्या ऑफिसची आणि क्लायंटची मालमत्ता आहे. ती दाखवायला लेखी परवानगी घ्या, क्लायंटची नावं झाकायची असतील तर झाका, आणि 'आम्ही केलं' असं न लिहिता 'या शीटवरचा जिना आणि त्याचे तपशील मी काढले' इतकं नेमकं लिहा. तपासणाऱ्याला प्रकल्पाची भव्यता बघायची नसते. तुमचा हात कुठपर्यंत पोचला होता, ते बघायचं असतं.

जुने साहेब निवृत्त झाले, फर्म बंद पडली. आता सही कोण देणार?

आधी साहेबांना शोधा. निवृत्त माणसं सही देतात. त्या काळात त्यांच्याकडे परवाना होता की नाही एवढं बघितलं जातं. ते हयात नसतील तर संस्थेला लिहून विचारा. इंटरनेटवर कुणीतरी दिलेल्या सल्ल्यावर विसंबू नका, कारण अशा प्रकरणांत निर्णय व्यक्तिगणिक होतो. एनसीआयडीक्यूमध्ये थेट वरिष्ठ नसेल तर पात्र व्यक्तीला स्पॉन्सर म्हणून घेण्याची सोय आहे. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना ती विशेष उपयोगी पडते.

साहेबांशी बिनसून बाहेर पडला असाल, तर? पत्र छोटं आणि कोरडं लिहा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणते प्रकल्प, एवढ्याचीच पुष्टी मागा. कौतुक मागू नका. निव्वळ तारखांवर सही करायला कुणाचा अहंकार आड येत नाही.

इतका अनुभव असून माणसं नापास का होतात?

अनुभवामुळेच. हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिलं कारण : डोक्यातले आकडे जुने असतात. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत पूर्वी ऑफिसच्या जागेसाठी माणशी १०० चौरस फूट धरायचे. २०१८च्या आवृत्तीपासून ते १५० झाले. म्हणजे १५,००० चौरस फुटांच्या मजल्यावर पूर्वी १५० माणसं मोजली जायची, आता १००. त्या एका आकड्यावर जिन्यांची रुंदी, दारांची संख्या आणि स्वच्छतागृहं, सगळं अवलंबून. व्हीलचेअर वळवण्याचं वर्तुळ आपण ६० इंचांचं म्हणून पाठ केलेलं असतं, ए११७.१ या सुलभतेच्या मानकाच्या २०१७च्या आवृत्तीने नव्या इमारतींसाठी ते ६७ इंच केलं. भिंतीवरच्या बटणापर्यंत बाजूने हात पोचण्याची कमाल उंची एडीएच्या (अमेरिकेतल्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याच्या) जुन्या नियमांत ५४ इंच होती, २०१०च्या मानकांत ४८ झाली. नवशिक्याला हे आकडे पहिल्यांदाच शिकायचे असतात. आपल्याला आधी जुना पुसावा लागतो, आणि घाईत बोट जुन्याच आकड्यावर जातं. कोणती आवृत्ती परीक्षेला लागू आहे, हे परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. ते पान भिंतीवर चिकटवा.

दुसरं कारण अधिक चिवट आहे. साइटवर आपण जे करतो ते कराराप्रमाणे नेहमी बरोबर असतंच असं नाही. समजा प्रश्न आला : कंत्राटदार शटरिंग चुकीच्या क्रमाने लावतोय असं आर्किटेक्टला दिसलं, त्याने काय करावं? वीस वर्षांचा माणूस म्हणतो, 'त्याला थांबवायचं आणि नीट कसं लावायचं ते दाखवायचं.' प्रत्यक्षात आपण हेच करतो. पण एआयए या अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेच्या ए२०१ या कराराच्या सर्वसाधारण अटींप्रमाणे काम कोणत्या पद्धतीने, कोणत्या क्रमाने करायचं ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे, आणि तिथे हात घालणारा ती जबाबदारी आपल्या अंगावर ओढून घेतो. बरोबर उत्तर निरीक्षण कळवण्याच्या, नोंद करण्याच्या बाजूचं असतं. तसंच बदलांचं. चेंज ऑर्डरवर, म्हणजे करारातल्या कामात बदल करणाऱ्या आदेशावर, मालक, आर्किटेक्ट आणि कंत्राटदार अशा तिघांच्या सह्या लागतात. कंत्राटदार अजून सहमत नसताना काम पुढे न्यायचं तर मालक आणि आर्किटेक्ट यांच्या सहीचा वेगळा आदेश निघतो. ऑफिसात मात्र हे सगळं एका फोनवर चालतं आणि कागद मागाहून होतो.

परीक्षा तुमची कर्तबगारी मोजत नाही. लोकांच्या जिवाला आणि पैशाला धोका होणार नाही इतपत काळजीने वागणारा माणूस काय करील, एवढंच ती विचारते. म्हणून प्रत्येक प्रश्नाला 'आमच्याकडे काय करतात' हे सोडून 'करारात काय लिहिलंय, कोडमध्ये काय लिहिलंय' असं विचारायची सवय लावावी लागते. अनुभवी माणसाच्या अभ्यासाचा निम्मा वेळ या सवयीवर जातो, आणि जायलाच हवा.

तिसरं कारण छोटं : प्रश्नात नसलेली माहिती आपण भरतो. 'हा क्लायंट असं म्हणणारच' हे आपल्याला ठाऊक असतं. पेपरातल्या क्लायंटला आपण ओळखत नाही.

वयामुळे लक्षात राहत नाही. काय करू?

नवीन कोडी झटपट सोडवण्याचा वेग वयाबरोबर मंदावतो, पण साठवलेलं ज्ञान आणि शब्दसंपत्ती बराच काळ टिकते. मानसशास्त्रात रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे हे दोन प्रकार वेगळे केले. या परीक्षांना दुसरा प्रकार जास्त लागतो. तेव्हा वयाची तक्रार अर्धीच खरी.

खरी अडचण अभ्यासाच्या पद्धतीत असते. आपल्यातले बहुतेक जण शाळेत शिकलो तसं पुन्हा पुन्हा वाचतो, रंगीत पेनने रेघा मारतो. रोएडिगर आणि कार्पिक यांचा २००६चा प्रयोग इथे आठवण्यासारखा आहे. काहींनी मजकूर पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून प्रकरण एकदा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग राहिलेलं बघा. मनाला त्रास होतो, कारण आपल्याला किती कमी आठवतं ते लगेच दिसतं. वाचत राहिलं की सगळं येतंय असं वाटतं, म्हणून वाचणं गोड लागतं.

नोकरी आणि घर सांभाळून किती वेळ काढावा?

रोज पाऊण तास, आठवड्यातून एकदा सलग तीन तास. पाऊण तासात प्रश्न सोडवायचे. सलग बैठकीत पूर्ण लांबीची सराव परीक्षा किंवा एखादा किचकट विषय. एआरईचे मोठे पेपर १०० प्रश्नांचे आणि चार तासांहून थोडे जास्त असतात. आपण दिवसभर बैठका, फोन, साइट असं तुकड्यातुकड्यांत काम करतो. चार तास एकाच पडद्याकडे बघत बसण्याची सवय कधीच मोडलेली असते. ती अंगात भिनवायला सलग बैठक लागते.

घरच्यांना 'अभ्यास करतोय' असं मोघम सांगू नका. तारीख सांगा. ठरावीक तारखेपर्यंतची गैरसोय माणसं सोसतात. न संपणारा अभ्यास कुणी सोसत नाही, आणि का सोसावा?

ऑफिसात मोठ्या प्रकल्पाची डेडलाइन ज्या महिन्यात आहे, त्या महिन्यात पेपर ठेवू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

कोणता पेपर आधी द्यावा?

एआरईचे पेपर कोणत्याही क्रमाने देता येतात. फर्म चालवणाऱ्यांनी आणि प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी व्यवस्थापनाचे दोन पेपर व बांधकाम-मूल्यमापनाचा पेपर सलग घ्यावेत; तिन्हींत करारांचा अभ्यास सामाईक आहे. आपला हातखंडा असलेला विषय पहिला घेऊ नका असं माझं ठाम मत आहे. तिथे आत्मविश्वास जास्त आणि तयारी कमी असते, आणि पहिलाच निकाल नापासाचा आला की माणूस वर्षभर फिरकत नाही.

नवीन सॉफ्टवेअर येत नाही. अडेल का?

नाही. या परीक्षांत रेव्हिटसारखं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालवायला लावत नाहीत. पडद्यावर माहिती वाचणं, योग्य जागी क्लिक करणं, आकडेमोड करणं एवढंच. पण परीक्षेचा पडदा कसा दिसतो याचे मोफत नमुने संस्था देतात. ते आधी हाताळा. कागदावर खरडत विचार करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं : एआरईमध्ये आता कागदाऐवजी पडद्यावरचा डिजिटल फळा वापरावा लागतो. हात त्याला सरावायला वेळ घेतो.

पाठ दुखते, डोळ्यांना त्रास होतो. सवलत मिळते का?

वैद्यकीय कारण असेल तर मिळते. जादा वेळ, जादा विश्रांती, वेगळी खोली अशा सोयी देतात. डॉक्टरांचं पत्र लागतं आणि मंजुरीला वेळ जातो, म्हणून तारीख घेण्याआधी अर्ज करा. तारीख घेतल्यावर केलेला अर्ज बहुधा तारीख पुढे ढकलायला लावतो. सवलत मागण्यात कमीपणा वाटणारे बरेच भेटतात. निकालपत्रावर त्याचा उल्लेखही नसतो, हे त्यांना सांगून ठेवतो. आणि पडद्याच्या अंतराचा चष्मा करून घ्या. वाचायचा चष्मा पडद्याला चालत नाही.

नापास झालो तर?

एआरईत तोच पेपर ६० दिवसांनी पुन्हा देता येतो, बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा. पूर्वी एक पेपर पास झाल्यापासून पाच वर्षांत सगळे उरकावे लागायचे, नाहीतर जुने पास झालेले बाद व्हायचे. हा नियम २०२३ मध्ये रद्द झाला. मूल होणं, आजारपण, आईवडिलांची देखभाल यांमुळे ज्यांचं घड्याळ मध्येच संपलं होतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे बाद झालेले पेपर पुन्हा जिवंत झाले. तुम्ही पूर्वी कधी दोन-तीन पेपर देऊन सोडून दिलं असेल तर नव्याने अर्ज करण्यापूर्वी आपलं जुनं खातं उघडून पाहा.

एनसीआयडीक्यूचे हंगाम एप्रिल आणि ऑक्टोबर असे येत आले आहेत. एक संधी हुकली तर सहा महिने थांबावं लागतं.

ऑफिसात कुणाला सांगावं? ज्याच्याकडून फी, रजा किंवा सही हवी आहे, त्यालाच. बाकीच्यांना पास झाल्यावर.

फी कंपनीकडून मागावी का?

जरूर मागा, आणि लेखी मागा. आधी अट वाचा : पास झाल्यावर किती काळ कंपनी सोडता येणार नाही, नापास झाल्यास फी कोण भरणार. तुम्ही नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करण्यासाठीच पात्रता घेत असाल तर फी स्वतः भरा. हिशोबात परीक्षा फीबरोबर नोंदणी, पुस्तकं, सराव प्रश्न, पुन्हा बसण्याची शक्यता आणि पुढच्या नूतनीकरणाचे पैसेही धरा. शेवटची बाब सगळेच विसरतात.

पात्रता न घेताही मोठं काम करता येतंच ना? कार्लो स्कार्पांचं उदाहरण देतात.

देतात खरे. इटलीतले नामांकित वास्तुरचनाकार स्कार्पा यांनी व्हेनिसच्या कला अकादमीत शिक्षण घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत आर्किटेक्ट म्हणून काम करायला जी औपचारिक परीक्षा द्यावी लागे, ती द्यायला त्यांनी नकार दिला. व्हेरोनाचं कास्तेलवेक्कियो संग्रहालय आणि ब्रिओन स्मशानभूमी ही त्यांची कामं आजही लोक लांबून बघायला येतात. पण उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही : परवान्याशिवाय काम केल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, आणि त्यांना परवानाधारक आर्किटेक्ट सोबत घेऊन काम करावं लागे. त्यांच्या सहकाऱ्यांनी ती व्यवस्था निभावली, कारण समोर स्कार्पा होते. तुमच्यासाठी सही करणारा माणूस किती वर्षं सोबत राहील, हे तुम्हालाच ठाऊक.

पास झाल्यावर लगेच काय बदलतं?

जबाबदारी. सही केलेल्या प्रत्येक शीटला तुम्ही व्यक्तिशः उत्तर देता. फर्म सोडली तरी ती सही तुमची राहते. म्हणून व्यावसायिक दायित्व विम्याची चौकशी निकाल लागण्यापूर्वीच करून ठेवा. नोकरीत असाल तर फर्मचा विमा तुम्हाला धरतो का, आणि नोकरी सोडल्यावर जुन्या कामांचं काय, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

पास झाल्याबरोबर 'यावर जरा सही कर' म्हणून दुसऱ्याची ड्रॉइंग समोर येऊ लागतात. आपल्या देखरेखीखाली न झालेल्या कामावर शिक्का मारणं हा परवाना गमावण्याचा जुना, हमखास रस्ता आहे. मित्रालाही नाही म्हणायचं.

परीक्षा पास होणं आणि परवाना मिळणं यांत अंतर असतं, हेही लक्षात ठेवा. निकाल परीक्षा घेणारी संस्था देते. परवाना देणारं मंडळ वेगळं असतं आणि त्याचा अर्ज वेगळा. तो मिळेपर्यंत बिरुद कार्डावर छापू नका.

नूतनीकरणाचा त्रास किती?

फार नाही, पण कायमचा. लीड ग्रीन असोसिएटला दर दोन वर्षांत १५ तास शिक्षण दाखवावं लागतं, लीड एपीला ३० तास. परवान्यांचे नियम त्या त्या मंडळाचे. डिसेंबरात घाईघाईने व्हिडिओ बघून तास भरण्यापेक्षा, वर्षाच्या सुरुवातीला कोडच्या नव्या आवृत्तीवरचा एक चांगला वर्ग निवडा. तो कामालाही येतो. हजेरीची पत्रं एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण तपासणी अचानक निघते.

दुसऱ्या देशात चालेल का?

आपोआप नाही. काही संस्थांमध्ये परस्पर मान्यतेचे करार आहेत, पण ते मूळ देशातलं शिक्षण आणि अनुभव दोन्ही तपासतात. स्थलांतराचा विचार असेल तर जिथे जाणार तिथल्या मंडळाला आधी लिहा आणि परीक्षा नंतर निवडा.

परीक्षेची नवी आवृत्ती येणार म्हणतात. थांबू का?

आवृत्ती बदलणारच असते. एआरई ५.० नोव्हेंबर २०१६ मध्ये आली आणि ४.० जून २०१८ पर्यंत चालू होती. दीड वर्षाहून जास्त काळ दोन्ही सोबत चालल्या, आणि जुन्या आवृत्तीतले पास पेपर नव्यात कसे धरायचे याचा तक्ता संस्थेने आधीच जाहीर केला होता. आजच्या नियमाप्रमाणे एका आवृत्तीत पास झालेले पेपर पुढच्या आवृत्तीतही उपयोगी पडतात. तेव्हा अर्ज भरून टाका. तुमच्या जुन्या साहेबांची सही यायला तसाही वेळ लागणार आहे.